मुंबई सोडावी काय? नाशिकास बिऱ्हाड हलविण्याच्या लाभहानीचा विचार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवडही त्यांनीच माझ्यावर सोपविली. अशा वेळी ज्ञातीचा इतिहास अथवा आपल्या कुलदेवतांचे माहात्म्य असा एखादा विषय घेण्याचा प्रघात आहे, व तो योग्यही आहे. परंतु गेली काही वर्षे आपल्या सभासदांच्या घरी जाण्यायेण्याचा जो योग येतो, त्यात एक प्रश्न माझ्या कानी वारंवार पडतो. चहाचा पेला हाती देता देता यजमान विचारतात, "काय हो, मुंबईचे सर्व आटोपून नाशिकास जाऊन राहिलो तर कसे?" कोणाची चाळ पुनर्विकासासाठी निघालेली असते, कोणी नुकतेच सेवानिवृत्त झालेले असतात, कोणाचा मुलगा घरी बसून संगणकावर नोकरी करीत असतो व त्याला अडीचशे चौरस फुटांच्या खोलीत बसावयास कोपरा नसतो. कारणे निराळी असली तरी प्रश्न एकच आहे. आणि ज्या प्रश्नावर घरातील सर्वांचे पुढील वीस-पंचवीस वर्षांचे सुखदुःख अवलंबून आहे, त्याचा विचार चहाच्या पेल्यापुरताच राहू नये, असे वाटल्यावरून मी हा विषय आज योजिला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नाशिकास जावे असा उपदेश करण्याकरिता मी उभा नाही, आणि जाऊ नये असा इशारा देण्याकरिताही नाही. व्यापारी मनुष्य जशी वहीची दोन पाने समोरासमोर ठेवून जमा व नावे मांडतो, तशी ही मांडणी करावी, व बेरीज ज्याची त्याने आपापल्या घरी करावी, एवढाच माझा हेतू आहे.

स्थलांतर आपणांस नवे नाही

आपल्या तांबट ज्ञातीला बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे नवे नाही. जेथे तांब्यापितळेच्या भांड्यांना गिऱ्हाईक, तेथे आपला ठोका. नाशिकच्या जुन्या गावठाणातील तांबट आळी व भांडी बाजार, पुण्याच्या कसब्यातील तांबट आळी, मुंबईतील तांबाकाट्याचा परिसर, ही नावेच आपल्या पूर्वजांच्या प्रवासाची साक्ष देतात. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी सुरू झाली, नाशिक व मुंबई यांमधील डोंगराची भिंत ओलांडणे सोपे झाले, आणि घाटावरील अनेक कुटुंबे पोटासाठी घाट उतरून मुंबईस आली. त्यांत आपलीही होती. पुढे पोलादाची भांडी घरोघर आली. हंडे, घंगाळे, बंब, पराती यांना उतरती कळा लागली. मठारकाम करणाऱ्या हातांनी गिरण्या, कारखाने, रेल्वे आणि कचेऱ्या धरल्या. धंदा सुटला तरी मुंबई सुटली नाही. आज त्यांचीच नातवंडे-पतवंडे उलट दिशेने घाट चढण्याचा विचार करीत आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही, व फार भावनावश होण्यासारखेही काही नाही. पूर्वजांनी हिशेब करून गाव सोडले; आपणही हिशेब करूनच शहर सोडावे.

नाशिक हे आता लहान गाव राहिलेले नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. येथे १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार भरली. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, पुण्याची सुमारे ३१ लाख, व कोल्हापूरची सुमारे साडेपाच लाख होती. म्हणजे मुंबईच्या मानाने आठवा हिस्सा, आणि कोल्हापूरच्या मानाने जवळजवळ तिप्पट, असे हे मध्यम बांध्याचे शहर आहे. त्याचे गुण आणि दोष दोन्ही या मध्यमपणातूनच उगवतात.

जमेची बाजू

पहिला लाभ जागेचा. मुंबईच्या चाळीत दोन खोल्यांत तीन पिढ्या कशा राहतात, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. पडदा ओढला की एक खोली, आणि पडदा सारला की दुसरी. मुलगा दहावीच्या परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करतो आणि आजारी आजी स्वयंपाकघराच्या दाराशी अंथरूण घालून पडते. नाशिकला मध्यम उत्पन्नाच्या मनुष्यास निदान स्वतंत्र झोपण्याची खोली, थोडी हवा आणि दाराशी तुळशीपुरती जागा मिळू शकते.

दुसरा लाभ वेळेचा. डोंबिवलीहून अथवा विरारहून कोटात जाणाऱ्या नोकरदाराचे जाण्यायेण्यात रोज तीन तास मोडतात असे धरा. वर्षाचे कामाचे दिवस ३०० मानले, तर ९०० तास झाले. दिवसरात्र धरून हिशेब केला तरी वर्षातील ३७ दिवस हा मनुष्य लोकलच्या डब्यात लोंबकळत काढतो. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात काम करणारा मनुष्य त्याच परिसरात राहिला तर संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी येतो. बापाने मुलाचा पाढा ऐकणे, ही गोष्ट ऐकावयास लहान वाटते. परंतु ज्या घरात ती होते आणि ज्या घरात होत नाही, त्यांत अंतर पडते.

तिसरा लाभ हवापाण्याचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची थंडी खरी थंडी असते; जवळच्या निफाडचा पारा तर हिवाळ्यात दरवर्षी वृत्तपत्रांत झळकतो. मुंबईची चिकट उष्णता येथे नाही.

चौथा लाभ असा की, नाशिक हे विद्या आणि संस्कृती यांना पारखे झालेले ठिकाण नाही. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर यांनी हेच गाव आपले मानले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, व महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून येथेच आहे. नाटक, व्याख्यान, संगीत यांची आवड असलेल्या मनुष्याची उपासमार होणार नाही.

पाचवा लाभ मुंबईच्या सान्निध्याचा. रस्त्याने हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणे टाळता येऊ लागली. मुंबईतील लग्नकार्य, मयत, बारसे यांना सकाळी निघून रात्री परतणे शक्य झाले आहे. आपल्यासारख्या नात्यागोत्यात गुंतलेल्या लोकांना ही गोष्ट थोडी नव्हे.

नावेची बाजू

आता दुसरे पान उलटू. पहिली हानी नोकरीच्या निवडीची. नाशिकला उद्योग आहेत. नाशिकरोडची भारत प्रतिभूती मुद्रणालये आहेत, ओझरचा विमानाचा कारखाना १९६४ सालापासूनचा आहे, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे, विजेच्या उपकरणांचे व सुट्या भागांचे कारखाने आहेत. परंतु मुंबईत एक दार बंद झाले तर दहा दारे ठोठावता येतात. मध्यम शहरात त्याच कसबाचे मालक दोन किंवा तीन असतात. नोकरी असेपर्यंत हा फरक जाणवत नाही. ती गेली म्हणजे जाणवतो, आणि त्या वेळी वय पंचेचाळीस असते. ज्या घरात पतिपत्नी दोघेही मिळवितात, तेथे दोघांनाही त्याच गावी मनासारखे काम मिळेल काय, हा प्रश्न तर अधिकच अवघड होतो. बहुधा अशा वेळी पत्नीची नोकरी सुटते, आणि हिशेबात ती कोणी धरीत नाही.

मुंबईची नोकरी ठेवून नाशिकला राहू, असे कोणी म्हणतात. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसने असे करणारे पासधारक आहेत, त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार असो. परंतु एका बाजूस गाडीतच सुमारे साडेतीन तास जातात, त्यात घरापासून नाशिकरोड स्थानकापर्यंतचा वेळ मिळवावा लागतो. जो वेळ वाचविण्यासाठी मुंबई सोडली, तोच दुप्पट खर्ची पडतो. आठवड्यातून एखाददुसरा दिवस जावे लागत असेल तर ठीक. रोजच्या रोज हा मार्ग तरुणपणीच चालू शकतो.

दुसरी हानी गावातल्या गावात फिरण्याची. मुंबईत म्हातारा मनुष्यसुद्धा बस आणि लोकल यांच्या आधारे कोणाचे मिंधेपण न घेता हिंडतो. नाशिकला लोकल नाही. महानगरपालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१ साली सुरू झाली, ती उपयुक्त आहे. पण जो दूरच्या नव्या वसाहतीत राहतो, त्याला दुचाकीवाचून गती नाही. ज्या गृहिणीस दुचाकी चालविता येत नाही, ती मोठ्या घरात राहावयास जाते आणि त्या घरातच अडकून पडते. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी मेट्रो निओची घोषणा झाली होती. घोषणा ऐकून संतोष मानावा. मात्र जागा घेताना आज दारावरून जाणारी बस कोणती, हेच पाहावे.

तिसरी हानी वैद्यकीय साहाय्याची. नेहमीच्या दुखण्याला नाशिकला काही उणे नाही. जिल्हा रुग्णालय आहे, खाजगी रुग्णालये पुष्कळ आहेत. परंतु केईएम किंवा टाटा स्मारक रुग्णालय यांसारख्या संस्थांच्या आसऱ्याने ज्यांचे दीर्घ उपचार चालू आहेत, त्यांनी प्रत्येक तपासणीस घाट उतरावा लागेल, सोबतीस मनुष्य लागेल, मुक्कामास घर लागेल, याचा विचार अगोदर करावा.

चौथी हानी शेजाराची. ही वहीत लिहिता येत नाही, पण सर्वांत जास्त तीच बोचते. चाळीच्या गॅलरीत ज्या बाईचे चाळीस वर्षे गेली, तिला हळदीकुंकवाला बोलवावयास पत्रिका लागत नाही. तिच्या नव्या सदनिकेचे दार दिवसभर बंद असते. मुलगा-सून कामात, नातू शाळेत, आणि ती चार भिंतींत. घर मोठे झाले व माणूस एकटे पडले, अशी उदाहरणे माझ्या पाहण्यात दोन-तीन तरी आहेत.

पाणी, पूर आणि सिंहस्थ

शहराची निवड करणारे लोक खोल्या मोजतात. नदी मोजीत नाहीत. नाशिकला गोदावरी आहे, गंगापूर धरण आहे, म्हणून पाण्याची ददात नाही असा समज आहे. तो पुष्कळ अंशी खरा असला, तरी २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यान्वये खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावयाचे असते, व टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावे लागते. २०१५ साली यावरून केवढा वाद माजला होता, हे अनेकांस आठवत असेल. शिवाय धरणात पाणी असणे आणि आपल्या इमारतीच्या टाकीत ते येणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. नव्या वसाहतीत उन्हाळ्यात टँकर येतात काय, हे तेथील किराणा दुकानदारास विचारावे. जागा विकणाऱ्यास विचारू नये.

पुराचेही तसेच. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत चढले, यावरून नाशिककर पुराचे मान ठरवितात. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीने आपले रूप दाखविले. नदीकाठची प्रशस्त सदनिका मोहक वाटते. परंतु नकाशावर आखलेल्या निळ्या व तांबड्या पूररेषा पाहिल्यावाचून तिचा सौदा करू नये.

सिंहस्थ हे नाशिकचे भूषण आहे. बारा वर्षांनी येणारे हे पर्व २०१५ साली झाले, आणि त्यानंतरचे २०२६-२७ चे आहे. या निमित्ताने रस्ते, पूल, घाट यांची कामे होतात आणि गावाला त्याचा लाभ मिळतो. त्याच वेळी पंचवटी-तपोवनाच्या बाजूस साधुग्रामासाठी राखलेल्या जमिनी असतात, पर्वकाळात वाहतुकीस बंधने येतात, आणि पर्वाच्या नावाने जागांचे भाव फुगविले जातात. पर्वाच्या तोंडावर घाईने जागा घेण्याचे काही कारण नाही.

पैशाचा हिशेब तीन प्रकारचा

"नाशिक स्वस्त आहे" हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. कोणासाठी स्वस्त, हे पाहिले पाहिजे. पुढील आकडे मी केवळ समजुतीसाठी घेतो. मुंबईत एका मनुष्यास १०० रुपये मिळतात आणि त्याच कामाचे नाशिकला ७५ मिळतात असे धरा. मुंबईत घराचे भाडे ४०, नाशिकला १५.

जो मुंबईत भाड्याने राहतो, त्याच्या हाती मुंबईत ६० उरतात आणि नाशिकलाही ६० उरतात. आज बरोबरी झाली. परंतु भविष्यनिर्वाह निधी आणि पुढील बढत्या ७५ वर मोजल्या जातील, १०० वर नाही. म्हणजे तरुण मनुष्याचे नुकसान दूरच्या भविष्यात दडलेले आहे.

ज्याचे मुंबईत मालकीचे घर आहे, त्यास आज भाडे द्यावे लागत नाही, म्हणून त्याच्या हाती १०० राहतात. तो नाशिकला गेला, मुंबईचे घर ४० ला भाड्याने दिले, तर ७५ अधिक ४० वजा १५ म्हणजे पुन्हा १०० च. याची बरोबरी खरी आहे, आणि मुंबईचे घरही हाती राहते.

तिसरा प्रकार आपल्या ज्ञातीत सर्वांत मोठा आहे. तो पागडीच्या खोलीत राहणाऱ्याचा. त्यास भाडे नाममात्र, म्हणून हाती जवळजवळ १०० राहतात. परंतु पागडीची जागा मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्यास भाड्याने देता येत नाही. म्हणजे नाशिकला त्याच्या हाती ७५ वजा १५, फक्त ६० राहिले. ज्यास नाशिक सर्वांत हवेसे वाटते, कारण त्याची खोली सर्वांत लहान, त्यालाच ते सर्वांत महाग पडते. ही गोष्ट वरवर पाहता उलटी वाटते, म्हणून मुद्दाम सांगितली.

त्याहून महत्त्वाची सूचना पुढे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ याप्रमाणे, भाडेकरूने योग्य कारणावाचून सलग सहा महिने जागा तिच्या हेतूसाठी वापरली नाही, तर मालक ताब्यासाठी दावा करू शकतो. "खोलीला कुलूप घालू, नाशिकला राहू, आणि पुनर्विकास झाला की नवी जागा घेऊ" असा बेत अनेक जण मनात बाळगतात. कुलूप गंजते, शेजारी साक्षीला उभे राहतात, आणि बापजाद्यांनी राखलेला हक्क धोक्यात येतो. असे करण्यापूर्वी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. वकिलाची फी देणे जिवावर येते. परंतु खोली गेल्यावर जे जाते, त्यापुढे ती फी काहीच नव्हे.

नाशिकला सदनिका घेताना महारेराकडील नोंदणी क्रमांक पाहावा. हे प्राधिकरण २०१७ पासून काम करीत आहे. नोंदणीकृत करारनामा झाल्यावाचून विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. क्षेत्रफळ चटईक्षेत्राने मोजावे. तयार इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हे विचारावे. सामाईक सातबाऱ्यावरील गुंठा-दीड गुंठ्याचा तुकडा "आपल्याच माणसाचा आहे" म्हणून घेऊ नये. कागद पाहताना नाते बाजूस ठेवावे.

कोणी जावे, कोणी थांबावे

इतकी मांडणी केल्यावर, माझे स्वतःचे मत काय, असे आपण विचाराल, आणि ते न सांगणे हा पळपुटेपणा ठरेल.

साठी ओलांडलेल्या, प्रकृतीने धडधाकट, निवृत्तिवेतन अथवा मालकीच्या घराचे उत्पन्न असलेल्या, व नाशिकास ज्यांचे सोयरेधायरे आहेत अशा दांपत्याने अवश्य जावे. मात्र पंचाहत्तरी गाठल्यावर जाऊ नये. नवे झाड लावावयाचे तर मुळे धरावयास त्याला काही पावसाळे मिळाले पाहिजेत. ओळखी, डॉक्टर, भाजीवाला, देवळातले सोबती हे सर्व जमावयास पाच-सात वर्षे लागतात.

ज्या तरुणाचे काम घरून चालते, त्याने जाण्यास हरकत नाही. परंतु ही सवलत मालकाने कागदावर दिली आहे काय, आणि उद्या ती काढून घेतली तर आपण काय करणार, याचे उत्तर त्याच्यापाशी असावे. २०२० नंतर घरून काम देणाऱ्या कित्येक कंपन्यांनी पुढे आपल्या लोकांना परत बोलाविले, हे सर्वांनी पाहिले आहे.

नुकतीच नोकरीस लागलेली मुले-मुली यांनी माझ्या मते निदान पहिली दहा वर्षे मुंबई अथवा पुणे सोडू नये. कसब आणि ओळख या दोन वस्तू मोठ्या शहरात लवकर मिळतात, व त्या सोबत घेऊन पुढे कोठेही जाता येते.

ज्यांचा स्वतःचा लहान कारखाना अथवा दुकान आहे, त्यांस मात्र नाशिक खुणावते. जागा स्वस्त, कामगार जवळ राहणारा, आणि देवस्थानांमुळे तांब्यापितळेच्या वस्तूंना आजही गिऱ्हाईक आहे. तांब्याच्या भांड्यांकडे लोकांचा ओढा पुन्हा थोडा वळू लागला आहे. आपल्या तरुणांपैकी एखाद्याने आजोबांचा हातोडा पुन्हा उचलला तर त्यासाठी मुंबईपेक्षा नाशिक बरे.

कोणीही गेले तरी दोन पथ्ये पाळावीत. पहिले, विकण्यापूर्वी राहून पाहावे. नाशिकला वर्षभर भाड्याने घर घ्यावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक आजारपण तेथे काढावे, आणि मग निर्णय करावा. पागडीधारकांनी हे करताना वर सांगितलेले कलम विसरू नये. दुसरे पथ्य असे की, घरातील स्त्रियांचे मत शेवटी नव्हे, आरंभी विचारावे. घर बदलल्याने पुरुषाचा पत्ता बदलतो. स्त्रीचा सगळा दिवस बदलतो.

ज्ञातीची वसाहत असावी काय?

आपल्यापैकी काही उत्साही मंडळींनी अशी सूचना केली आहे की, मंडळाने नाशिकजवळ भूखंड घेऊन केवळ ज्ञातिबांधवांची गृहनिर्माण संस्था काढावी. सूचना आपुलकीतून आलेली आहे. चाळ सुटल्यावर येणाऱ्या एकटेपणावर तो एक उपाय आहे, हे मीही मान्य करतो. कायद्याच्या दृष्टीनेही ती सर्वस्वी अशक्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला होता.

तरीही मी या सूचनेस नम्रपणे विरोध करतो. पहिले कारण व्यावहारिक आहे. घर विकण्याची वेळ आली म्हणजे गिऱ्हाईक फक्त ज्ञातीतलेच हवे, असे बंधन पडले की भाव पडतो, आणि अडलेल्या मनुष्याचे नुकसान होते. दुसरे कारण याहून मोठे आहे. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि पाच वर्षे उलटूनही ते दार उघडले नाही, त्या नाशकात आपण पुन्हा एक जातीचे फाटक उभारावे, हे मला शोभेसे वाटत नाही. आपल्या मुलांना भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारले की राग येतो. तो राग खरा असेल तर आपल्या दारावर तीच पाटी आपण लावू नये. एकाच भागात पाच-दहा घरे जवळजवळ घेतली तर सोबत मिळते, आणि शेजारही मोकळा राहतो.

मंडळाने काय करावे

मंडळाकडे माझी मागणी साधी आहे. नाशिक शाखेने तीन-चार जाणत्या सभासदांची एक समिती नेमावी. मुंबईहून येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबास तिने खरी माहिती द्यावी. भाड्याने घर पाहून द्यावे. पहिल्या वर्षी सणावाराला त्यांच्या घरी जावे. जागेच्या व्यवहारात या समितीने दलाली घेऊ नये व कोणा विकासकाची जाहिरातही करू नये, म्हणजे तिच्या शब्दाला वजन राहील. त्याचप्रमाणे, नाशिकहून शिक्षणास वा औषधोपचारास मुंबईत येणाऱ्यांसाठी मंडळाच्या कचेरीत दोन खोल्या राखून ठेवाव्यात. लोक घाट चढू लागले, म्हणजे घाट उतरणाऱ्यांची सोय करणे हे येथे राहिलेल्यांचे काम आहे.

मुंबई शाखेचे सभासद कमी होतील, वर्गणी घटेल, अशी चिंता काही वडील मंडळी व्यक्त करतात. ती निराधार नाही. आपल्या लग्नकार्यांना मंडळाची तांब्याची मोठी तपेली व पराती नेण्याची चाल होती. आता त्या वस्तू कित्येक महिने माळ्यावरून खाली येत नाहीत. त्या नाशिक शाखेकडे पाठवाव्यात, त्यांना कल्हई करवून घ्यावी, आणि तेथील कार्यांना द्याव्यात. भांडे वापरात राहिले की चकचकीत राहते, हे तांबटाच्या मुलाला सांगावयास नको.

सज्जनहो, आपल्या पूर्वजांपैकी कोणी घाट उतरला तो मोठ्या स्वप्नासाठी नव्हे, तर घरातील चार तोंडांना दोन वेळचे अन्न मिळावे म्हणून. आपणही त्याच साध्या कसोटीवर हा प्रश्न घासून पाहावा. घरातील सर्वांत म्हाताऱ्या मनुष्याला औषध मिळेल काय, सर्वांत लहान मुलाला चांगली शाळा मिळेल काय, कर्त्या पुरुषाला व कर्त्या स्त्रीला काम मिळेल काय, आणि संध्याकाळी दार उघडल्यावर बोलावयास कोणी असेल काय? चारही प्रश्नांना होकार आला तर खुशाल जावे. दोनच होकार आले तर थांबावे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा मोजून पाहावे.